बॉयलरवरचा वरवंटा

गिरणी बंद पाडणारी बाई म्हणून गावात अजून माह्याकडं बोट दाखवतात. दाखवा म्हणा, बाप्पा! पण गिरणी बंद पडली ती माह्या एका बोटानं, हे मात्र खरं हाय. अन तेही अर्ध्याच.

माह्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून नाई. नवीन लग्न झालं तवा धान कापता कापता विळ्यानं गेलं. बोट गेलं तरी हात चालतो, म्हणून मी त्याचा कधी गाजावाजा केला नाई. गावात सगळ्याइले ठाऊक होतं की रुखमाबाईचा पंजा असा हाय.

मूल गावाच्या पुढं, मार्कंड्याच्या देवळाच्या वाटेवर आमचं गाव. तिथी रामाजी मालकाची धानाची गिरणी. पहिले तो मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार होता. मालगुजारी गेली तवा सरकारकडून जे काही भेटलं त्यात त्यानं कुठून तरी एक जुना बॉयलर आणला. बारा बैलजोड्या लावून तो ओढत आणला होता अन आख्खं गाव पाह्यले गेलं होतं. त्या बॉयलरच्या वाफेवर इंजिन चाले, अन त्याच वाफेवर टाकीत धान उकडे. उकडलेलं धान आम्ही वीस-बावीस बाया अंगणात पसरवायच्या अन पायानं फिरवत वाळवायच्या. अंगण बॉयलरच्या भिंतीले लागून होतं. थंडीत त्या भिंतीजवळची ऊबदार जागा धराले आम्ही एकमेकींशी भांडायच्या. काय अक्कल होती आमची!

आमचे हे त्या बॉयलरच्या तोंडात भुसा टाकत. त्याइचं नाव मी घेत नाई. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नसते. दुसऱ्याच्या तोंडून तुम्हाले कळंलच.

बॉयलर चालवे कमरुद्दीन मिस्त्री, चांद्याचा. सर्टिफिकेटवाला माणूस. वाईट नव्हता, पोट्टेबाळेवाला होता, पण मालकापुढं त्याच्या गळ्यातून आवाज निघत नसे.

आता थोडं बॉयलरचं सांगणं भाग हाय. त्याच्या डोक्यावर एक झडप असते, तिले सगळे सेफ्टी म्हणत. एक आडवा दांडा, अन दांड्याच्या टोकाले लोखंडी गोळा. वाफ जास्त झाली की झडप दांड्याले वर ढकलते अन जास्तीची वाफ भसकन बाहेर जाते. गोळा किती वजनाचा अन कुठी टांगायचा, हे नागपूरचा साहेब ठरवून देते. वाफ मोजाले भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्यावर साहेबाची लाल रेघ. मले वाचता येत नाई, पण लाल रेघ म्हणजे लाल रेघ, त्याले शाळा लागत नाई.

आमची झडप झिजली होती. काटा रेघेजवळ पोचायच्या आधीच तिची फुसफुस सुरू होई अन इंजिन मंद पडे. मालक कपाळावर हात मारे. म्हणे, "मिस्त्री, माह्या भुसा आकाशात चालला ना!"

एक दिवस मिस्त्री माह्या दारात आला. "भाभी, वरवंटा द्या जरा. दोन दिवसांत आणून देतो."

मी दिला. वाटलं, काही ठोकाले पाहिजे असंल. दुसऱ्या दिवशी ह्याइचा डबा घेऊन गेली अन वर पाह्यते तर काय! माह्या सासूच्या हातचा काळा वरवंटा तारेनं बांधून गोळ्याच्या बाजूले लटकवला होता.

"अवो माय! मी चटणी कशावर वाटू?" मी ओरडली.

"राहू दे वो," हे म्हणाले. "तो काढला तर वाफ टिकत नाई."

"अन नाई काढला तर?"

त्याइनं माह्याकडं पाह्यलं नाई. भुशात खोरं घातलं. "मिस्त्री पाह्यते घड्याळाकडं. तू काऊन डोकं खाऊन राह्यली?"

दोन दिवसांचे तीन महिने झाले. मी शेजारच्या सोमारीच्या पाट्यावर चटणी वाटत होती अन रोज तिच्याशी त्याच्यावरून हासत होती. मले धोका कळत नव्हता असं म्हणाले गेली तर ते खोटं होईन. कळत होता. पण बाकी सगळे बिनघोर होते, म्हणून मीही बिनघोर राह्यली.

साहेब दरवर्षी येई, पण साहेबाच्या आधी साहेबाचं पत्र येई. अमुक तारखेले बॉयलर थंड करून, धुऊन, उघडा ठेवा. म्हणजे सोयऱ्याइले घर झाडाले वेळ दिल्यासारखं. आमच्या भागात तीन गिरण्या, अन तिघींत मिळून एक चांगली झडप. पत्र आलं की ती झडप पोत्यात गुंडाळून बैलगाडीत येई. साहेब पाहून, कागदावर सही करून गेला की दुसऱ्या दिवशी ती पुढच्या गिरणीत. साहेब मागं, झडप पुढं. कितीक वर्षं असं चाललं होतं अन कोणाले त्यात वावगं वाटत नव्हतं. मिस्त्री तर म्हणे, लग्नात दागिने मागून आणत नाई का लोक?

त्या वर्षी आपला मुलूख मुंबई राज्यात जाऊन एक वर्ष झालं होतं अन साहेब नवीन होता. बोकारे साहेब. पत्र आलं, पोतं आलं, माह्या वरवंटा खाली उतरला अन चांगली झडप वर चढली. साहेबासमोर वाफ करून दाखवाची होती, म्हणून आगीची तयारी सकाळीच करून ठेवायची ठरली.

आता माह्यी चूक ऐका. रोज आग पेटवायच्या आधी बॉयलरच्या तोंडाले हळद-कुंकू मीच लावे. माह्या माणूस दिवसभर त्या तोंडापुढं उभा असे, म्हणून दुसऱ्या कोणाले मी लावू देत नसे. अन नवीन वस्तू बॉयलरले जोडली तर तिले तेलात कालवलेला शेंदूर लावल्याबिगर आग नाई पेटवायची, हा आमचा रिवाज. मी शिडीवर चढली अन त्या गोळ्यावर पाची बोटं वरून खाली ओढली. चार रेघा लांब, मधली एक आखूड.

साहेब आला. तिशीच्या आतला, हडकुळा, घामानं निथळणारा. बॉयलरच्या पोटात शिरला, हातोडीनं पत्रा ठोकून पाह्यला. मंग आग पेटवली, काटा लाल रेघेवर गेला अन झडप अशी सुरेख उघडली की मालकाची छाती फुगली. साहेबानं शेंदराकडं पाह्यलं अन हासून विचारलं, "ही पूजा कोणी केली?"

"बाया करतात, साहेब," मालक म्हणाला.

कागदावर सही झाली. कागद मालकाच्या पेटीत गेला.

दुसऱ्या दिवशी झडप काढताना मिस्त्रीनं गोळा हातात घेतला अन तो तसाच थांबला. राखेनं घासला, विटेनं घासला. तेल गरम लोखंडात भाजून बसलं होतं, शेंदूर काही जाईना. मिस्त्री अंगणात माह्यापाशी आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"भाभी, हे काय केलं तुम्ही? साहेब उद्या नदीकडच्या गिरणीत जाणार हाय. तिथी त्याले हाच पंजा दिसंन."

त्यानं मालकालेही सांगितलं. मालक मात्र खेकसला, "साहेब वाफ पाहाले येते का शेंदूर पाहाले? पाठव ती झडप. अन लटारूले सांग, आग पेटव, दहा गाड्या माल मार्कंड्याच्या जत्रेआधी निघाले पाहिजे."

झडप गेली. जुनी परत चढली, अन तिच्यावर माह्या वरवंटा.

चार दिवस मले घास गोड लागला नाई. मी ह्याइले म्हणलं, वरवंटा काढून टाका, नाईतर कामावर नका जाऊ. ते म्हणाले, "मी नाई गेलो तर झिंगू जाईन. भुसा टाकणारा कोणी ना कोणी असतेच, रुखमे." झिंगूचीही बायको आमच्यातच धान फिरवत होती.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही अंगणात होत्या. धानाची वाफ निघत होती, पाय भाजत होते, सोमारी काहीतरी चावट बोलून सगळ्याइले हासवत होती. तेवढ्यात फाटकातून एक सायकल आत आली. पत्र नाई, सांगावा नाई, काही नाई. बोकारे साहेब. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या.

तो मालकाच्या खोलीकडं गेलाच नाई. सायकल भिंतीले टेकवली अन थेट आम्हा बायांपुढं येऊन उभा राह्यला.

"तुमच्यापैकी कोणाचं मधलं बोट तुटलेलं आहे?"

मी हात पदराखाली घेतला. सोमारीनं खाली धानाकडं पाह्यलं. एकीनंही माह्याकडं मान वळवली नाई, हे मी मरेपर्यंत विसरणार नाई.

"घाबरू नका," साहेब म्हणाला. "ज्या झडपेवर मी इथं सही केली, तीच झडप मला दुसऱ्या गिरणीत दिसली. पाच बोटं, एक आखूड. मग या बॉयलरवर आत्ता काय आहे? मला कोणी सांगेल का?"

माह्या डोक्यात भलभलतं येत होतं. सांगावं तर गिरणी बंद. ह्याइची रोजी गेली, माह्यी गेली, सोमारीची गेली, बावीस चुली गेल्या. नाई सांगावं तर साहेब आत जाईनच, पाहीनच, मंग मीच काऊन वाईट होऊ? असा विचार करून मी गप राह्यली. हो, गप राह्यली. खोटं कशाले बोलू?

तवा माह्यी नजर बॉयलरघराच्या दाराकडं गेली.

मालक मागच्या दारानं आत शिरला होता. तो हातवारे करून राह्यला होता, वर बोट दाखवून. साहेब आत यायच्या आधी दगड काढून घ्या, दुसरं काय! मिस्त्री इंजिनपाशी खांबासारखा उभा. अन आमचे हे शिडीवर चढून राह्यले होते. एक पायरी, दोन पायऱ्या. भिंतीवरचं घड्याळ मले दारातून दिसत होतं. काटा लाल रेघेवर नव्हता. रेघेच्या पार पल्याड होता, चांगला दोन बोटं.

मले एवढंच कळलं की त्या वरवंट्याखाली दाबून ठेवलेली वाफ हाय, अन माह्या माणूस तिच्यावर तोंड वाकवून तार सोडाले चालला हाय.

"अजी!" मी ओरडली. इंजिनच्या धडधडीत कोणाले ऐकू जाते! "अजी, ऐका ना जी!" त्याइचा हात तारेपर्यंत पोचला होता.

मंग मी जलमात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"लटारू! लटारू, हात नको लावू!"

सगळ्या अंगणानं ऐकलं. मालकानं ऐकलं. शिडीवरून त्याइनं मान वळवली, इतकी आश्चर्यानं वळवली की हात तारेवरून सुटला. मी पदराखालून पंजा काढला अन साहेबाच्या तोंडापुढं धरला.

"हा घ्या, साहेब, बोटवाली मी हाय. वर माह्या वरवंटा टांगला हाय, तीन महिन्यांपासून. काटा रेघेच्या पल्याड हाय. पहिले त्याले खाली उतरवा, मंग मले काय करायचं ते करा!"

साहेब धावला. दारातून त्यानं घड्याळ पाह्यलं अन त्याचं तोंड पांढरं पडलं. पण ओरडला नाई तो. हळू आवाजात म्हणाला, "खाली या. काहीही न हलवता खाली या. बाया सगळ्या त्या चिंचेच्या झाडापल्याड. पळू नका, पण थांबूही नका."

मालक म्हणाले लागला, "साहेब, ते जरा साफसफाई..."

"तुम्हीही चिंचेपाशी," साहेबानं त्याच्याकडं न पाह्यता सांगितलं. रामाजी मालकाले असं कोणी बोलेल हे आम्ही सपनातही पाह्यलं नव्हतं. अन मालक गेला! धोतराचा सोगा हातात धरून चिंचेपाशी गेला.

"मिस्त्री, बॉयलरच्या काचेत पाणी किती दिसतंय?"

"अर्ध्याच्या वर, साब." मिस्त्रीले कंठ फुटला.

"मग इंजिन चालूच ठेवा, वाफ खाऊ द्या त्याला. पाणी मारू नका, झडपेला शिवू नका. आग ओढून काढा."

आग ओढायची म्हणजे बॉयलरच्या तोंडापुढं उभं राहाचं. ते काम ह्याइचंच. त्याइनं लांब आकडी उचलली अन निखारे बाहेर ओढाले सुरुवात केली. मले सोमारी दंडाले धरून चिंचेखाली घेऊन गेली होती, पण मी तिथून पाहून राह्यली होती. आत तिघं होते. साहेब बाहेर निघून येऊ शकत होता. आला नाई. घड्याळापुढं उभा राहून काटा बोलत होता, बाजारात भाव बोलतात तसा. "उतरला नाही. उतरला नाही. थांबा. हं, उतरतोय." मी चिंचेच्या सालीत नखं रोवली होती, ती कशी तुटली ते मले संध्याकाळी कळलं. मार्कंडादेवाले काय काय बोलली, ते त्यालेच ठाऊक.

अर्ध्या तासानं काटा लाल रेघेच्या खाली आला. साहेबानं तरीही कोणाले शिडीवर चढू दिलं नाई. एक लांब बांबू मागवला, त्याच्या टोकाले विळा बांधला अन दाराआडून तार कापली. वरवंटा धप्पकन भुशात पडला.

अन झडप उघडली.

बाप्पा! रेघेखाली आलेली ती वाफ, तरी तिचा फवारा सरळ छपरावर गेला. कवेलू फुटून खाली आले. बॉयलरघर पांढरं झालं, कोणी कोणाले दिसेना. जरा वेळानं वाफ निवळली तवा छपराले पडलेलं भोक दिसलं. शिडी तशीच टेकलेली होती. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या माणसाचं तोंड जिथी येते, बरोब्बर तिथून तो फवारा गेला होता.

आमचे हे त्या भोकाकडं पाहत उभे राह्यले. मंग खाली बसले. मी गेली अन सगळ्या लोकाइदेखत त्याइच्या डोक्याले, कानाले, गालाले हात लावून पाह्यला. कोणी हासलं नाई.

साहेबानं गिरणीले सील ठोकलं. पेटीतला कागद मागवला अन आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. मालक म्हणाला, "ही बाई चाळे करते अन तुम्ही..." साहेब म्हणाला, "बाईनं हे लपवलं असतं तर आज तुम्ही कुठे, मी कुठे असतो? मी झडप उघडते का ते पाहिलं. ती कोणाची आहे ते पाहिलं नाही. तारीख कळवून आलो. चूक माझीही आहे, आणि ती मी वर लिहून पाठवणार आहे." मंग तो मिस्त्रीले काहीतरी सांगत बसला. मिस्त्री मान खाली घालून रडत होता.

जाताना त्यानं वरवंटा पोत्यात घातला.

"अन तो कुठी घेऊन चालले?" मी विचारलं.

"पुरावा आहे, बाई."

"माह्या सासूचा हाय तो! मी चटणी कशावर वाटू?"

त्याले हासू आलं, पण वरवंटा त्यानं दिला नाई.

मंग दोन महिने गिरणी बंद होती. ऐन हंगाम. मार्कंड्याच्या जत्रेत कोणाच्या पोट्ट्याले फुगा भेटला नाई, अन त्याचं खापर माह्या डोक्यावर फुटलं. विहिरीवर मी गेली की बाया बादल्या उचलत. ज्या बायाइनं माह्याकडं मान वळवली नव्हती, त्याच. सोमारीनं तेवढा पाटा बंद केला नाई, पण वाटताना बोलत नसे. मले राग येई. म्हणावं वाटे, अवो, त्या भिंतीले पाठ लावून तुम्हीच बसत होत्या ना! पण रिकाम्या पोटाच्या माणसाले काय सांगणार?

नवीन झडप आली. तिच्यावर नंबर ठोकलेला, अन तोच नंबर लिहिलेला कागद आता पेटीत नाई, बॉयलरघराच्या भिंतीवर काच लावून टांगलेला. गिरणी सुरू होऊन आठ दिवस झाले असतील, भर दुपारी फाटकातून सायकल आली. पत्र नाई, सांगावा नाई. साहेबानं कागदावरचा नंबर झडपेशी जुळवला, घड्याळ पाह्यलं. मालकाकडं पाण्याचा तांब्याही न मागता तो अंगणात आला. सायकलच्या मागून त्यानं पोतं सोडलं. वरवंटा. त्याले अजून सरकारी लाखेचा ठिपका चिकटलेला होता.

"आता झडपेला शेंदूर लावता की नाही?" त्यानं विचारलं.

"लावते ना, साहेब. पाची बोटं."

"लावत जा," तो म्हणाला, "मला ओळखायला बरं पडतं." अन गेला.

त्या संध्याकाळी मी आपल्या पाट्यावर आपल्या वरवंट्यानं चटणी वाटली. तारेनं त्याच्यावर एक खाच पडली हाय, ती हाताले लागते, अजूनही लागते. हे जेवाले बसले होते. घास घेता घेता गालात हासले.

"रुखमे, त्या दिवशी माह्यं नाव कसं घेतलं वो तू? एकदा घेऊन दाखव ना पुन्हा."

"तवा तुम्ही मरत होते," मी म्हणलं. "आता गुमान जेवा."

अन ते गुमान जेवले. मी वाटत राह्यली, चटणी कवाच झाली होती तरी.